डोलीचा पुढला गडी

कडजाईच्या डोंगराला नऊशे बारा पायऱ्या आहेत. त्यातल्या पहिल्या सहाशे आता कुणी मोजत नाही, कारण रोपवे झाल्यापासून त्या वाटेनं शेळ्या आणि पोलीसभरतीची तयारी करणारी मंडळी तेवढी जातात. रोपवे मधल्या टप्प्यावर सोडतो. तिथून वर तीनशे बारा पायऱ्या सरळ कड्यात खोदलेल्या. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वारा असा की ड्रोननं माणूस वर न्यायचा प्रयोग दोनदा झाला आणि दोन्ही वेळा यंत्र खालच्या करवंदीच्या जाळीत सापडलं. तेव्हा ज्यांचे गुडघे थकलेत पण नवस थकलेले नाहीत, अशांसाठी तिथं अजून डोली चालते.

डोली म्हणजे एक खुर्ची, तिच्यावरून गेलेला लांब बांबू, आणि बांबूच्या दोन टोकांना दोन माणसं. बघणाऱ्याला वाटतं, दोन खांदे आणि चार पाय मिळाले की झालं. झालं काय, कपाळ! पुढल्या गड्याला वाट दिसते. मागल्याला दिसते फक्त खुर्चीची पाठ आणि बसलेल्याची टोपी. पायाखाली काय आहे, ते त्याला खांद्यावरचा बांबू सांगतो. आणि दुसरी गोष्ट, दोघांची पावलं एकदम पडता कामा नयेत. पलटणीसारखं एका तालात चाललं की बांबू झोके घ्यायला लागतो, आणि तिसाव्या पायरीला खुर्चीतला माणूस देवीचं नाव सोडून आईचं घ्यायला लागतो. म्हणून मागल्यानं पुढल्याच्या दोन पावलांच्या मध्ये पाऊल टाकायचं. अगदी मध्ये. हे कुणी शिकवून येत नाही.

कोंडिबा मरगळे पुढला गडी आणि बिरू ढेबे मागला, अशी ही जोडी एकोणीस वर्षं चालली. गेल्या मार्गशीर्षात, गुरुवारच्या गर्दीत, दोनशे चाळिसाव्या पायरीवर कुणीतरी नारळ फोडून पाणी तसंच सोडून दिलं होतं. कोंडिबाचा डावा पाय घसरला, तळवा जागेवर राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. डोलीत साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर होते. कोंडिबानं ओठ दाताखाली धरून खुर्ची अलगद पायरीवर टेकवली, मास्तरांना म्हणाला, "जरा बसा गुरुजी, तंबाखू मळतो," आणि मग कातळाला धरून खाली बसला तो उठलाच नाही.

पुण्यात शस्त्रक्रिया झाली ती उत्तम झाली. गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांना धरून ठेवणारा बोटभर लांबीचा एक तिरपा बंध असतो, तो तुटला होता. डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या बाजूचा एक बंध काढला आणि हाडांना भोकं पाडून त्या जागी ओवला. नवा बंध जुन्याइतकाच मजबूत. पण कोंडिबाची मांडी काही हलेना. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची, एवढा साधा व्यायाम. कोंडिबा दाबायचा, कपाळावर घाम यायचा, टॉवेल मजेत पडून असायचा. चार महिन्यांत मांडी निम्मी झाली. नव्वद किलोचा माणूस डोंगरावर नेणारा गडी घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकायला लागला.

"आमची मांडी मेली का काय, ताई?" त्यानं डॉक्टर शाहीन तांबोळींना विचारलं. या मूळच्या कराडच्या. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत अशाच रुसलेल्या स्नायूंवर त्यांचं काम चालायचं. वय पस्तिशीचं, आणि बोलणं असं की गावाकडच्या माणसाला मध्येच 'काय म्हणालात?' विचारावं लागत नसे.

"मेली नाही काका, तिला कोंडून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "जुन्या बंधात बारीक बारीक चेता होत्या. गुडघ्यावर आता एवढा ताण, आता तेवढा, असं त्या सारखं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला कळवत असायच्या. नवा बंध मुका आहे. मज्जारज्जूला गुडघ्याकडून काही ऐकू येईना, की तो घाबरट चौकीदारासारखा वागतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचं फाटकच लावून घेतो. मेंदू हुकूम सोडतोय, स्नायू तयार बसलाय, आणि हुकूम फाटकापाशी अडलाय."

"मग चौकीदाराला दोन शिव्या घाला की."

"त्याला शिव्या कळत नाहीत. त्याला चाल कळते."

त्यांनी कपाटातून काढली ती एक जाळीदार बाही आणि तळहाताएवढी चकती. याला त्या चालपट्टा म्हणत. बाही मांडीवर चढवायची, चकती कमरेच्या मणक्यावर चिकटवायची. चकती थेट मज्जारज्जूशी बोलते. एखादा धडधाकट माणूस चालताना त्याच्या मांडीचा कुठला धागा कधी आकसतो आणि कधी सैल होतो, याची सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची नोंद आधी घेऊन ठेवलेली असते. तिला म्हणायचं ठसा. तो ठसा चकतीतून रुग्णाच्या पायात खेळवायचा. चौकीदार बघतो, रस्त्यानं वर्दळ सुरू झालीय आणि वाईट काही घडत नाहीय, आणि हळूहळू फाटक उघडतो. चाळीस बैठका झाल्या की पट्टा काढून टाकायचा. पाय आपला आपण चालतो.

"म्हंजी दुसऱ्याची चाल माज्या पायात?"

"हो. आमच्याकडे तीनशे जणांचे ठसे आहेत. तुमच्या उंची-वजनाला दोनशे चार नंबरचा बसतोय."

"कोन हाय तो?"

"नाव नसतं काका. कुणीतरी भला माणूस आहे एवढं खरं."

"माजाच ठसा का न्हाई घेत? उजवा पाय हाय की चांगला."

"तुम्ही पडायच्या आधी कुणी घेतला असता तर सोनं झालं असतं. आता उजव्याचंही फाटक चौकीदारानं अर्धं लावलंय, शिवाय चार महिने लंगडून त्याची चाल बिघडलीय." मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच सांगते. हे लोणच्यासारखं आहे. मुरायच्या आत फोडी बाहेर काढता येतात. चाळीस बैठकांनंतर ती चाल तुमचीच होते, कायमची."

कोंडिबाला तेव्हा कुठली चाल आणि कसलं काय! पाय हलला म्हणजे पुरे होतं. आणि पाय हलला. तिसऱ्या बैठकीला टॉवेल दबला. दहाव्या बैठकीला तो पट्टा लावून संस्थेच्या व्हरांड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत काठीशिवाय गेला, आणि टोकाला उभा राहून आपल्याच पायांकडे बघत राहिला. पाय कसे, घड्याळाच्या लंबकासारखे. एक पाऊल जास्त नाही, एक कमी नाही. बायको सुगंधा भिंतीला टेकून उभी होती, तिनं पदर डोळ्याला लावला. छत्तीस बैठका होईपर्यंत कोंडिबा पट्ट्याशिवाय गावच्या चढावरून पाण्याची घागर आणायला लागला. गाव म्हणालं, कोंडिबा पुण्याहून नवा होऊन आला.

राहिल्या होत्या चार बैठका. त्याच्या आत कोंडिबाला डोंगर चढून बघायची घाई झाली.

कडजाईच्या डोलीवाल्यांची एक रीत आहे. नवी जोडी, किंवा सहा महिन्यांचा खंड पडलेली जुनी जोडी, पहिल्या खेपेला माणूस उचलत नाही. खुर्चीत देवीच्या नैवेद्याच्या तांदळाचं पोतं बांधायचं, त्यावर चुंबळ ठेवून काठोकाठ भरलेला पितळी तांब्या ठेवायचा आणि वर जायचं. देवळाच्या दारात गुरव तांब्यात बोट घालून बघतो. पाणी काठापासून बोटाच्या एका पेरापर्यंत उतरलं असेल तर जोडी पास. त्याहून खाली गेलं तर त्या दोघांनी पुन्हा एकत्र बांबूला खांदा लावायचा नाही, दुसरा जोडीदार बघायचा. या रीतीला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, कारण खुर्चीत शेवटी आपल्यापैकीच कुणाची तरी आई बसते.

ज्येष्ठातल्या एका सकाळी दोघांनी गुपचूप, गुरवाला न सांगता, नुसती तालीम म्हणून पोतं बांधलं. कोंडिबानं बांबू खांद्यावर घेतला तेव्हा त्याला गहिवरून आलं. लाकूड तेच होतं, मागं खाकरणारा बिरूही तोच.

विसाव्या पायरीला खुर्ची कुरकुरली. तिसाव्याला झुलायला लागली. कोंडिबाचे पाय मस्त पडत होते, दम लागत नव्हता, पण पाठीमागं काहीतरी ओढाताण चालली होती. कधी बांबू पुढं ढकलला जाई, कधी मागं खेचला जाई. साठाव्या पायरीला तांब्या लवंडला, कातळावर आपटला आणि आवाज करत दरीत गेला.

दोघांनी खुर्ची टेकवली. बिरू घामानं निथळत होता. कोंडिबाहून तो चार वर्षांनी मोठा, तोंडाळ, खेपेभर मागून गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारा. आज एक शब्द बोलला नव्हता.

"हा कोन पुढं चालतोय?" तो म्हणाला.

"आरं, मीच की."

"तू न्हाईस." बिरूनं खांद्यावरची चुंबळ काढून घाम पुसला. "चाल चांगली हाय, लेका. तुज्या जुन्या चालीपरास चांगली हाय. पर मागं मला दिसतंय व्हय काय? मला बांबू सांगतो. बांबू म्हनतोय, पुढं परका मानूस हाय."

"तू सवय करून घे मंग."

"तुजी सवय व्हायला किती दिस लागलं ते आटवतंय का? आता मी पन्नाशीला आलो."

कोंडिबाला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. डोंगर गेला, डोली गेली, हे त्याला एक वेळ सोसलं असतं. पण बिरूच्या पुढं चालणारा माणूसच जगात उरलेला नाही आणि त्याच्या जागी आपण हिंडतोय, हे त्याला झेपेना. शनिवारी सदतिसावी बैठक होती.

"मंग असं करू," बिरू चुंबळ झटकत म्हणाला. "त्या नंबरवाल्याचा ठसा कशाला? माजा घ्या म्हनावं. मी तुज्यामागं एकोनीस वर्सं चाललोय."

आता बघा, आयुष्य डोलीखाली घालवलेल्या माणसांनी हा विचार करावा! बिरूचीच चाल कोंडिबाच्या पायात घातली तर दोघांची पावलं एकदम पडणार, आणि पावलं एकदम पडली की डोली झुलणार. पण गरज माणसाला आंधळं करते. दोघं उत्साहानं एसटीत बसून पुण्याला गेले.

शाहीनबाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या नाहीत. नोंद घ्यायला काय जातंय? बिरूच्या दोन्ही मांड्यांवर बाह्या चढवल्या आणि त्याला फिरत्या पायऱ्यांच्या यंत्रावर उभं केलं. बिरूला पाऊलच टाकता येईना. खांद्यावर काही नाही तर चालायचं कसं, म्हणाला. शेवटी पडद्याचा दांडा काढला, त्याला पाण्याच्या बाटल्यांचं खोकं बांधलं, दांड्याचं पुढलं टोक खुंटीला टांगलं आणि मागलं बिरूच्या खांद्यावर दिलं. बिरूनं डोळे अर्धे मिटले आणि चालायला लागला.

वीस मिनिटांनी यंत्रानं निकाल दिला. ठसा सदोष. चालीत असंबद्ध खंड.

"म्हंजी नापास," बिरू म्हणाला, आणि चुंबळ हातात घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. त्याचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याच्या चालीला नाव ठेवलं होतं.

शाहीनबाई पडद्यावरच्या रेघा बघत होत्या. "विचित्र आहे. ठेच लागल्यासारखे थांबतात हे. दर पावलाआधी थोडंसं. आणि सारखं नाही, कधी कमी, कधी जास्त. मी आवाजात ऐकते."

स्नायू आकसतो तेव्हा त्यातून बारीकशी वीज सुटते. ती कर्ण्यातून ऐकता येते. खोलीत तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू झाली. तडतड, मग शांतता. तडतड, मग शांतता. पुन्हा तडतड, आणि या वेळी शांतता जराशी लांबली.

कोंडिबा खिडकीपाशी उभा होता. त्याचा उजवा हात खिडकीच्या कट्ट्यावर होता आणि बोटं आपोआप वाजायला लागली. तडतड, टक. तडतड, टक. तडतड, टक. तडतड... आणि इथं त्याचं बोट क्षणभर हवेत थांबलं, मग पडलं, टक.

शाहीनबाईंनी मान वर केली. बोट दर वेळी शांततेत पडत होतं, बरोब्बर मध्यावर. लांबलेल्या शांततेत तेवढंच लांबून.

"काका, काय करताय?"

तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"ताई, दर चौथ्या पावलाला मी बांबू खांद्यावर अर्धं बोट सरकवतो. न्हाई तर कातडं सोलतं. डावं पाऊल तवा जरा रेंगाळतं माजं." त्यानं कर्ण्याकडे बोट दाखवलं. "ह्ये खंड न्हाईत. मदी मी हाय."

कर्णा तडतडत राहिला. बिरू कोपऱ्यातून उठून आला आणि मान तिरकी करून ऐकायला लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, जत्रेत हरवलेलं माणूस दिसल्यावर येतं तसं.

"व्हय की," तो म्हणाला. "कोंड्याच हाय."

शाहीनबाई खुर्चीत मागं रेलल्या. त्यांचं सगळं शिक्षण त्या पाच मिनिटांत एकदा आडवं होऊन पुन्हा उभं राहिलं असावं. एकोणीस वर्षं बिरू काही न बघता, फक्त खांद्यावरून, कोंडिबाचं एकेक पाऊल वाचत आला होता. त्याच्या मज्जारज्जूनं आपली प्रत्येक हालचाल त्या पावलाला जागा सोडून बेतली होती. आज पुढं खुंटी होती, माणूस नव्हता, तरी बिरूची मांडी त्या माणसासाठी थांबत होती. गणपतीच्या साच्यात गणपती नसतो, पोकळी असते. पण त्या पोकळीत सोंड असते, कान असतात, हातातला मोदकसुद्धा असतो. कोंडिबाच्या चालीची नोंद जगात कुठंच नाही, असं त्या इतके दिवस म्हणत होत्या. ती होती. बिरूच्या मांडीत होती.

"या शांततांवरून मला तुमची चाल काढता येईल," त्या हळू म्हणाल्या. "अख्खी. कधी टाच पडली, कधी भार आला, कुठं रेंगाळली." मग त्यांनी आपलं डावं मनगट उजव्या हातात धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. "माझ्या आईची दृष्टी गेली होती. अकरा वर्षं ती हे मनगट धरून चालायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. मला वाटायचं, तिचं काही राहिलं नाही माझ्याकडे."

बिरूनं त्यांना पाण्याचा पेला भरून दिला.

पण शाहीनबाई डॉक्टर होत्या, आणि डॉक्टरला आनंदातही वाईट बातमी सांगावी लागते. साच्यातली चाल घालायची तर आधी दोनशे चार नंबरची पुसावी लागणार. पुसली की मांडी पुन्हा पहिल्यासारखी, टॉवेलसुद्धा दाबणार नाही. "एकदा फसवल्यावर चौकीदार दुसऱ्यांदा फाटक उघडेल, याची खात्री मी देऊ शकत नाही. साच्यातून चाल काढून कुणी कुणाला दिलेली नाही आजवर. नाही जमलं तर काका, काठी जन्मभर. शनिवारपर्यंत सांगा. शेवटच्या चार बैठकांतच चाल मुरते, आणि त्यातली पहिली शनिवारी आहे."

परतीच्या एसटीत बिरू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पुसू नगंस. चालतोयस ते काय कमी हाय? मी दुसरा पुढला गडी बघीन."

"बघशील?"

मैलाचे चार-पाच दगड बिरूनं खिडकीतून जाऊ दिले. "न्हाई," तो म्हणाला.

सुगंधा ओसरीवर नाचणी पाखडत बसली होती. कोंडिबानं तिला सगळं सांगितलं, जसंच्या तसं, काठीचंही. तिनं सूप खाली ठेवलं नाही. तोंडानं मात्र त्याची चांगली कानउघाडणी केली. देवानं दिलं ते हातानं फेकायचं, ही कुठली अक्कल? डोली म्हणजे काय राजाची पालखी आहे? बिरूभावजींसाठी विहिरीत उडी माराल का? कोंडिबा ऐकत राहिला. तिचं चुकत नव्हतं. लहान मुलासारखं त्याला उचलून न्हाणीत नेलं होतं तिनं, चार महिने.

मग तिचं सूप थांबलं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "पंचवीस वर्सं तुमची पावलं बांधावर ऐकली की मी च्याचं आदन ठेवते. ह्ये बरं होऊन आल्यापास्नं तुमी दारात हुबं ऱ्हाता आन् मी दचकते, कोन आलं म्हून. तुमी खूश होता, मग बोलले न्हाई." तिनं पुन्हा नाचणी पाखडायला घेतली. तिचे डोळे भरले होते, पण हात चालू होता. "पुसा ते. काठी लागली तर लागली. काठीचा आवाज वळखीन मी."

शनिवारी पुसलं. दुपारी कोंडिबा संस्थेतून बाहेर आला तो बिरूच्या खांद्यावर हात टाकून.

पहिल्या आठ बैठका काही म्हणजे काही झालं नाही. बिरू दर वेळी सोबत यायचा. त्याच्याच चालीवर साचा ताजा ठेवायचा होता. तो पडद्याचा दांडा घेऊन मागं चालायचा, पुढं कोंडिबा दोन कठड्यांना धरून कसाबसा सरकणारा, पाय कापडासारखा लोंबलेला, आणि कमरेवरच्या चकतीतून त्याची स्वतःचीच चाल त्याच्या मज्जारज्जूला सांगितली जायची. आठव्या दिवशी बिरूनं कडजाईला शिव्या घातल्या, मग दोन्ही कानांच्या पाळ्या धरून माफी मागितली.

नवव्या बैठकीला बिरू सवयीनं मागून काहीतरी सांगत होता. ग्रामपंचायतीच्या टाकीत माकड पडल्याची गोष्ट होती. कोंडिबा ऐकता ऐकता म्हणाला, "मंग काढलं कसं?" आणि शाहीनबाई एकदम म्हणाल्या, "काका, खाली बघू नका. चालत राहा."

गुडघ्याची वाटी वर सरकत होती. सुकलेल्या मांडीवर, कातड्याखाली, तळ्यात मासा फिरावा तशी एक लाट वर गेली, विरली, आणि पुन्हा आपल्या वेळेला आली. चौथ्या पावलाला ती क्षणभर रेंगाळली. शाहीनबाईंनी हात लांबवून चकतीची कळ बंद केली. लाट थांबली नाही. खोलीत आता कुठलंच यंत्र चालू नव्हतं. नुसता एक माणूस चालत होता आणि दुसरा त्याच्या मागं चालत होता.

"उघडलं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी फाटक ढकलावं लागलं होतं. या वेळी त्यानं पाहुणा ओळखला आणि आपण होऊन उघडलं."

कोंडिबा कठडे धरून रडला. त्याला लाज वाटली नाही. आपली चाल म्हणजे काय, हे त्यानं उभ्या आयुष्यात कधी मागं वळून बघितलं नव्हतं, आणि ती एका तोंडाळ माणसानं अंगात सांभाळून ठेवली होती, त्यालाही न कळता. किती जणांच्या अंगात आपण असे पडून असू, आणि आपल्या अंगात कोण कोण! देवळाच्या गाभाऱ्यात त्याला कधी इतकं लहान आणि इतकं भरलेलं वाटलं नव्हतं.

मांडी भरायला पुढं तीन महिने गेले. एक खोड मात्र आली ती राहिलीच. साचा डोलीखालचा होता, त्यामुळं कोंडिबा घरातही मागं कुणीतरी असल्यासारखा चालायचा. पाणी प्यायला उठला तरी चौथ्या पावलाला खांदा अर्धं बोट हलवायचा. सुगंधा म्हणायची, "बिरूभावजींना दारातच सोडा की." पण तो बांधावर आला की आत आधण ठेवल्याचा आवाज यायचा.

नवरात्राला आठ दिवस उरले तेव्हा गुरवाला रीतसर सांगून दोघांनी पोतं बांधलं. चुंबळ ठेवली. नव्या तांब्यात काठोकाठ पाणी ओतलं. टप्प्यावर बाकीचे डोलीवाले हाताची घडी घालून उभे होते. कुणी थट्टा केली नाही.

कोंडिबानं बांबू उचलला. पुढला गडी मागं बघत नाही, वाट बघतो. दहा पायऱ्या, वीस, तीस. मागून आवाज नाही. साठावी आली आणि गेली. तांब्या आहे की नाही, पाणी किती आहे, त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याला फक्त बिरूचं तोंड उघडायला हवं होतं, आणि बिरू गप्प होता. शंभर. दीडशे. कड्यावरचा वारा कानाशी भणभणत होता. पाय चालत होते, चांगले चालत होते, पण चांगले तर ते मागच्या वेळीही चालले होते. दोनशेव्या पायरीला कोंडिबानं मागं वळायला निघालेली मान कशीबशी सरळ धरली.

दोनशे चाळिसावी पायरी कोरडी होती. त्यानं डावा पाय तिच्यावर ठेवला, भार टाकला, आणि चौथं पाऊल होतं म्हणून बांबू अर्धं बोट सरकवला.

मागून, खुर्चीपलीकडून, बिरू म्हणाला, "आलास व्हय रं?"

कोंडिबा दोन पायऱ्या तशाच चढला.

"आलो," तो म्हणाला.

"लई दिस लावलेस. तर ऐक, त्या टाकीतल्या माकडाचं पुढं काय झालं..."

वर देवळाच्या दारात गुरव बोट धुऊन वाट बघत बसला होता. त्याच्या बोटाची आता दोघांनाही फिकीर नव्हती.